शेकडा दोन आणि दोन शटरं

समजा, साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरात एकाच गल्लीत दोन शेजारी राहतात. दोघांची घरं रस्त्याला लागून. दोघांनी पुढच्या खोल्यांची भिंत फोडून दोन-दोन गाळे काढले. शटर, फरशी, गिलावा, वेगळं वीजमीटर असं सगळं धरून प्रत्येकी 3 लाख रुपये लागले. दोघांकडेही तेवढी शिल्लक नव्हती आणि बँकेने कागद अपुरे म्हणून परत पाठवलं, तेव्हा पैसे खासगीतून उचलले. दोघांनाही गाळ्यामागे महिन्याला 4,000 रुपये भाडं मिळतं. सात वर्षांनी पहिला कर्जातून मोकळा झाला. दुसऱ्याने या सात वर्षांत एक महिनाही व्याज थकवलं नाही, तरी त्याच्या डोक्यावर 3 लाख जसेच्या तसे उभे आहेत.

दुसरा उधळ्या नाही, व्यसनी नाही. गाळे सारखे, भाडं सारखं, भाडेकरूही सारखेच. मग त्याचं पाणी मुरलं कुठे?

हिशेब मांडून पाहू

दोन गाळ्यांचं महिन्याचं भाडं 8,000, म्हणजे वर्षाचे 96,000. पण बाराही महिने भाडं येतं असं धरणारा माणूस पहिल्याच वर्षी चुकतो. एक भाडेकरू जातो, दुसरा यायला वेळ लागतो, कांद्याचे भाव पडले की गावातली दुकानंही थंडावतात. म्हणून वर्षातून दहाच महिन्यांचं भाडं धरू: 80,000. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी, शटरची दुरुस्ती यांचे 8,000 वजा. हाती उरले 72,000. हा आकडा लक्षात ठेवावा. कर्ज फिटेल की नाही, ते याच आकड्यावर ठरतं.

पहिल्या शेजाऱ्याचं व्याज दरसाल दरशेकडा 15. पहिल्या वर्षी 3 लाखांवर व्याज झालं 45,000. ते देऊन उरलेले 27,000 मुद्दलात गेले. पुढच्या वर्षी व्याज 2,73,000 वरच, म्हणजे 40,950. मुद्दलात 31,050 गेले. दरवर्षी व्याज थोडं घटतं आणि मुद्दलाची फेड तेवढीच वाढते. अशाने सुमारे सात वर्षांत खातं मिटतं.

दुसऱ्याने पैसे घेतले 'शेकडा दोन'ने. आपल्याकडे खासगी व्यवहारात शेकडा दोन म्हटलं की ते महिन्याचं असतं. 3 लाखांवर महिन्याला 6,000, वर्षाचे 72,000. भाड्यातून हातात उरणारा आकडाही नेमका 72,000. भाडं आलं आणि व्याजात गेलं, मुद्दलाला एक रुपयाही लागला नाही. सात वर्षांत त्याने 5,04,000 रुपये व्याज भरलं आणि तो होता तिथेच राहिला. यात एखाद्या वर्षी दोन्ही गाळे चार महिने रिकामे राहिले असते, तर खिशातून भर घालावी लागली असती.

हेच कर्ज 9 टक्क्यांनी मिळालं असतं तर साडेपाच वर्षांत फिटलं असतं, 18 टक्क्यांनी घेतलं असतं तर आठ वर्षांच्या थोडं पुढे गेलं असतं. 24 टक्क्यांना ते कधीच फिटत नाही. 18 आणि 24 यांच्यात सहाचंच अंतर दिसतं, पण एका बाजूला फेड आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. नवख्या माणसाने म्हणून दर ऐकला की पहिल्यांदा त्याला बाराने गुणावं आणि वर्षाचा आकडा स्वतःच्या हाताने कागदावर लिहावा. 'दोन' ऐकताना मन दचकत नाही. 'चोवीस' लिहिताना हात थांबतो.

विहीर आणि मोटार

शेती करणाऱ्याला ही गोष्ट विहिरीवरून लगेच पटेल. भाडं म्हणजे विहिरीतला झरा. तो आपल्या गतीने पाझरतो आणि उन्हाळ्यात आटतोही. व्याज म्हणजे त्याच विहिरीवर बसवलेली मोटार. झरा चालू आहे की बंद, हे मोटार बघत नाही. मोटार लहान आणि झरा जिवंत असेल तर रात्रीतून विहीर पुन्हा भरते. मोटार झऱ्याएवढीच असेल तर पाण्याची पातळी हलत नाही. मोटार मोठी असेल तर एक दिवस तळ दिसतो.

व्याज थकलं आणि ते मुद्दलात चढवून त्यावर पुन्हा व्याज लावलं, तर मोटारच महिन्यागणिक मोठी होत जाते. शेकडा दोनने असं चक्रवाढ चाललं तर 35 महिन्यांत रक्कम दुप्पट होते. 3 लाखांचे 6 लाख व्हायला तीन वर्षंही लागत नाहीत.

दर लपवायच्या दोन रीती तर सर्रास चालतात. पहिली, व्याज आधीच कापून घेण्याची. कागदावर 3 लाख लिहायचे आणि तीन महिन्यांचं व्याज कापून हातात 2,82,000 ठेवायचे. व्याज मात्र पूर्ण 3 लाखांवर. दुसरी रीत 'फ्लॅट' दराची. 3 लाखांवर 12 टक्के, तीन वर्षं, एकूण व्याज 1,08,000, समान 36 हप्ते 11,333 रुपयांचे. ऐकायला 12 टक्के. पण प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 3 लाखांवर धरलेलं असतं. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर 21 टक्क्यांवर जातो. म्हणून विचारताना 'व्याज किती?' एवढ्यावर न थांबता 'उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या मुद्दलावर?' हेही विचारावं.

कशासाठी घ्यावं, कशासाठी घेऊ नये

वरच्या उदाहरणात 3 लाखांच्या कर्जाने वर्षाला 72,000 निव्वळ मिळवून दिले, म्हणजे 24 टक्के. इतकं उत्पन्न कसं निघालं? जागा घरचीच होती, भिंती उभ्या होत्या, रस्ता समोर होता. कर्जाने फक्त शेवटचं काम केलं. पडून असलेली जागा भाड्याला लागण्याजोगी करायला घेतलेलं छोटं कर्ज, दर आटोक्यात असेल तर, स्वतःला फेडू शकतं.

आता तयार गाळा विकत घेण्याचा विचार करू. समजा किंमत 20 लाख आणि भाडं 8,000. वर्षाचे 96,000 म्हणजे गुंतवणुकीवर 4.8 टक्के, तेही खर्च वजा न करता. यातले 10 लाख आपले आणि 10 लाख खासगीतून 15 टक्क्यांनी घेतले, तर नुसतं व्याजच दीड लाख. भाडं एक लाखालाही पोचत नाही. बँकेचं 9 टक्क्यांचं कर्ज 15 वर्षांसाठी घेतलं तरी 10 लाखांवर महिन्याचा हप्ता 10,143 रुपये, म्हणजे भाड्यापेक्षा दोन हजारांनी जास्त. जागेचा भाव वाढेल ही आशा खरी ठरेलही, पण भाव वाढला म्हणून महिन्याचा हप्ता कुणी भरत नाही. तयार मालमत्ता खासगी कर्जावर विकत घेणं पहिल्यांदाच उतरणाऱ्या माणसाने टाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक अपवाद करता येतो, आणि तो पुलासारखा वापरायचा. विसार दिला आहे, बँकेचं मंजुरीपत्र हातात आहे, पण पैसे सुटायला दोन महिने आहेत आणि खरेदीखताची तारीख त्याआधी येते. अशा वेळी दोन-तीन महिन्यांपुरते पैसे घेतले तर जास्त दरही सोसवतो, कारण फेड कुठून होणार ते आधीच ठरलेलं असतं. मंजुरीपत्र नसताना 'बँक देईलच' या भरवशावर पूल बांधला, तर तो नदीच्या मध्यावर संपतो.

भाडेकरूने दिलेलं कर्ज

कर्ज म्हणून ज्याच्याकडे कुणी बघत नाही असं एक खासगी कर्ज घरोघर चालतं. त्याला 'हेवी डिपॉझिट' म्हणतात. भाडेकरू 3 लाख एकरकमी देतो, महिन्याचं भाडं देत नाही आणि सोडताना 3 लाख परत नेतो. मालकाला वाटतं, बिनव्याजी पैसे मिळाले. त्या जागेचं भाडं 5,000 आलं असतं, तर मालकाने वर्षाला 60,000 सोडले. 3 लाखांवर 60,000 म्हणजे 20 टक्के व्याज. शिवाय मुदत संपली की पूर्ण 3 लाख एका दिवसात उभे करायचे. नवा भाडेकरू तेवढीच अनामत घेऊन दारात उभा असेल तर ठीक, नाहीतर ती परत करायला पुन्हा शेकडा दोनच्या दारी जावं लागतं. भाडेकरार नोंदवताना मुद्रांक शुल्क काढतात तेव्हा शासनसुद्धा परतीच्या अनामतीवर दरसाल 10 टक्के व्याज धरूनच हिशेब करतं. सरकारी हिशेबातही ती रक्कम फुकटची नसते.

भाडेकराराबद्दल एक समज इतका पक्का बसला आहे की तो इथेच दूर केलेला बरा. '11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हे महाराष्ट्रात खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथे लागू आहे तिथे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. ज्याचं कर्ज भाड्यावर फिटायचं आहे त्याने हा धोका पत्करू नये.

कागदावर काय लिहिलं आहे

पैसे देणारा तारण मागतो, ते त्याच्या बाजूने रास्तच आहे. तारणाच्या प्रत्येक प्रकारात आपण नेमकं काय गमावू शकतो, ते मात्र माहीत हवं.

वचनचिठ्ठी किंवा हातउसनवार पावतीत जागा अडकत नाही. पैसे न दिल्यास देणारा दिवाणी दावा लावतो आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची. नजरगहाणात जागेचा ताबा आपल्याकडेच राहतो. कर्ज थकलं तरच, कोर्टामार्फत, जागा विकून वसुली होते. गाळ्याचं भाडं आपणच घेऊन व्याज भरायचं असेल तर हाच प्रकार सोयीचा. ताबेगहाणात जागा देणेकऱ्याच्या हातून जाते आणि भाडंही समोरचाच घेतो. भाडं गेलं की झराच गेला. मग मोटार कशावर चालवायची?

चौथ्या प्रकाराला मी सर्वांत जास्त भितो. 'गहाणखताला खर्च येतो, त्यापेक्षा खरेदीखतच करू, पैसे दिले की उलट खरेदी करून देतो.' स्टॅम्पपेपर पुढे येतो, त्यावर 'कायम खरेदी' असं लिहिलेलं असतं आणि परत देण्याचं वचन फक्त तोंडी राहतं. तारण म्हणून दिलेलं घर कागदावर विकलं जातं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात शर्तीच्या विक्रीलाही गहाण मानण्याची सोय आहे, पण त्यासाठी परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली हवी. वेगळ्या साध्या कागदावर लिहून घेतलं तर या कलमाचा आधार मिळत नाही.

ही चाल नवी नाही. 1875 साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरं जाळली, ती सुप्याच्या बाजारातून सुरू झालेली दख्खनची दंगल. तिच्या मुळाशी हेच कागद होते. त्यानंतर आलेल्या 1879 च्या कायद्याने कोर्टांना दस्तावर काय लिहिलं आहे त्यापलीकडे जाऊन व्यवहार पहिल्यापासून तपासायला लावलं. आजचा कायदाही ते करतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे कर्जापोटी सावकाराने जमीन किंवा घर बळकावल्याची तक्रार जिल्हा निबंधकाकडे करता येते. चौकशीत ते खरं ठरलं तर खरेदीखत रद्द करून मालमत्ता परत देण्याचा आदेश देता येतो. पण चौकशी, सुनावण्या, अपील यांत माणसाची वर्षं जातात. त्यापेक्षा नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून दस्ताचा मथळा मोठ्याने वाचायला अर्धं मिनिट लागतं. तिथे 'खरेदीखत' असेल आणि आपण कर्ज घ्यायला आलो असू, तर सही न करता उठावं.

चौकट: परवानाधारक सावकाराचे कमाल दर (2014 च्या अधिनियमाखाली शासनाने ठरवलेले, सर्व दर वर्षाचे)
शेतकऱ्याला, तारण घेऊन: 9 टक्के
शेतकऱ्याला, विनातारण: 12 टक्के
इतरांना, तारण घेऊन: 15 टक्के
इतरांना, विनातारण: 18 टक्के
चक्रवाढ व्याजाला बंदी. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, म्हणजेच जुना 'दामदुपटी'चा नियम. कोऱ्या कागदावर सही घेणं आणि दिलेल्यापेक्षा जास्त रक्कम लिहिणं यांना मनाई.

शेकडा दोन यातल्या कुठल्याच ओळीत बसत नाही. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या (सहकारी संस्था) कार्यालयात विचारता येतं. पिंपळनेरकरांना त्यासाठी साक्रीला जावं लागेल, आणि ती फेरी वाया जात नाही. मामाने किंवा मित्राने एकदा अडीनडीला दिलेले पैसे मात्र सावकारीत मोडत नाहीत, कारण कायदा धंदा म्हणून चालणाऱ्या देवघेवीला लागतो. तरी मामाबरोबरही कागद करावा. रक्कम, वार्षिक दर, फेडीची तारीख आणि दोघांच्या सह्या एवढं पुरतं. कागद केल्याने नातं बिघडत नाही. चार वर्षांनी दोघांना वेगवेगळं आठवतं, तेव्हा ते बिघडतं.

बँक नाही का म्हणाली?

खासगी कर्जाकडे वळण्याआधी या प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं, कारण पुष्कळदा अडचण उत्पन्नाची नसून कागदाची असते. पिंपळनेर आता नगरपरिषदेचं गाव झालं, पण आसपासच्या खेड्यांत गावठाणातल्या घराला पिढ्यान् पिढ्या एकच कागद असतो, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा. तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून बँक त्यावर समाधान मानत नाही. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरांच्या मिळकत पत्रिका देण्याचं काम चाललं आहे. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर आधी ती पत्रिका आणि सनद काढावी. वरच्या हिशेबातले 15 टक्के 9 वर आणण्याची ताकद त्या एका कागदात असू शकते. साडेपाच आणि सात वर्षांतलं अंतर तेवढंच आहे.

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासी व्यक्तीला विकता येत नाही, तशी गहाणही देता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हे संरक्षण मुद्दाम घातलं आहे. अशा जमिनीवर गाळे बांधून ते खासगीत तारण ठेवण्याचा व्यवहार दोन्ही बाजूंच्या अंगाशी येतो.

रोख घेऊ नका

खासगी कर्ज म्हटलं की पिशवीतून रोख, ही सवय सोडावी लागेल. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे 20,000 किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घेता येत नाही आणि तेवढं फेडताही येत नाही. घेतलं तर कर्जाएवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला. देणारा आणि घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचंच असेल आणि कुणालाच करपात्र उत्पन्न नसेल, तर रोख कर्ज घेण्यावरची ही अट लागत नाही. पण गाळ्यांचं भाडं सुरू झालं की ते शेतीचं उत्पन्न राहत नाही, हे विसरू नये.

बँकेतून व्यवहार करण्याचा आपलाही फायदा आहे. भाड्याच्या उत्पन्नावर कर मोजताना भरलेली घरपट्टी वजा होते, राहिलेल्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, आणि गाळे बांधायला किंवा दुरुस्त करायला घेतलेल्या कर्जाचं व्याजही वजा करता येतं. ते कर्ज बँकेचंच असावं अशी अट व्याजाला नाही, मामाचं असलं तरी चालतं. मात्र व्याज कुणाला, किती, केव्हा दिलं याचा माग दाखवता आला पाहिजे. पिशवीतल्या पैशाला माग नसतो.

कोरे धनादेश तारण म्हणून देण्याची पद्धतही अशीच घातक. धनादेश वटला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि रकमेच्या दुपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि कोऱ्या धनादेशावरची रक्कम लिहिणारा हात आपला नसतो. द्यावाच लागला तर रक्कम, तारीख, नाव भरूनच द्यावा. त्याचा क्रमांक आणि कारण करारात लिहावं.

शेवटचा हप्ता भरल्यावर

पहिल्या शेजाऱ्याकडे परत येऊ. सात वर्षांनी त्याचा शेवटचा हप्ता गेला, हातात पेढ्यांचा पुडा आहे. काम मात्र अजून उरलं आहे. गहाणखत नोंदवलेलं होतं, तेव्हा गहाण फिटल्याचा दस्तही नोंदवून घ्यावा लागेल. सात-बाराच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर चढलेला बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो आणि नोंद झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा लागतो. दिलेले धनादेश, वचनचिठ्ठी, मूळ खरेदीखत परत घ्यायचं, आणि 'पूर्ण रक्कम पावली' असं तारखेसह लिहून सही घ्यायची. हे सगळं एकाच दिवशी, दोघं समोरासमोर असताना करून घ्यावं. देणारा माणूस उद्या नसला तर त्याच्या मुलाला या व्यवहारातलं काहीच ठाऊक नसणार, आणि त्याच्या कपाटात आपल्या सहीचा कागद तसाच पडून असणार.